त्याच रात्री धुतलेल्या जखमा

पाठ : प्रेषितांची कृत्ये १६:२३-३४

फिलिप्पै येथील बंदिशाळेचा नायक हा आपल्यासारखाच पोटासाठी चाकरी करणारा मनुष्य होता. छड्यांचा मार खाल्लेल्या पौल व सीला ह्यांचे पाय त्याने खोड्यात अडकविले, आणि तो निजला. त्यांच्या जखमांनी त्याची झोप मोडली नाही.

भूमिकंपाने तो जागा झाला, तरी ते जागे होणे केवळ देहाचे होते. दारे उघडी पाहून तो तरवारीने आपला घात करणार, इतक्यात ज्याला त्याने दुःख दिले त्या पौलानेच हाक मारून त्याला वाचविले. तेव्हा त्याचा आत्मा जागा झाला. ह्याची खूण कोणती? ज्या हातांनी खोडा घातला, त्याच हातांनी त्याने त्याच रात्री जखमा धुतल्या, आणि बाप्तिस्मा घेऊन त्यांना आपल्या घरी जेवू घातले.

१९०५ साली केडगाव येथील मुक्तिसदनात मोठी जागृती झाली. तेथे दुष्काळातून वाचविलेल्या पुष्कळ विधवा व अनाथ मुली होत्या. त्या पापांसाठी रडल्या, आणि मग आसपासच्या गावी सुवार्ता सांगावयास निघाल्या.

बंधुभगिनींनो, उपासनेत डोळे भरून येतात, हे चांगलेच आहे. परंतु आपण दुखविलेला भाऊ, अबोला धरलेली जाऊ, शेजाऱ्याचे न फेडलेले उसने धान्य, ह्यांचे स्मरण होते काय? नायकाने सकाळ होण्याची वाट पाहिली नाही.

मननासाठी प्रश्न :
१. नायकाच्या दोन जागे होण्यांत भेद कोणता?
२. माझ्या हातून झालेली कोणती जखम धुवावयाची राहिली आहे?