पाखाडीची चढण आणि शरीराचे वजन

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर हे शास्त्री आणि सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेले प्राचीन गाव होय. १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज येथे मोगलांच्या हाती सापडले, त्यामुळे महाराष्ट्राच्या इतिहासात या गावाचे नाव कायमचे कोरले गेले आहे. तालुक्याचे मुख्य ठाणे मात्र देवरुख येथे आहे. सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीकडे उतरत जाणाऱ्या या तालुक्यात सपाट जमीन थोडी. भाताची खाचरे खाली, वाड्या वर, आणि या दोहोंना जोडणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी, अशी येथील वस्तीची सर्वसाधारण रचना. विहीर खाली, शाळा पलीकडच्या उतारावर, देऊळ पऱ्यापलीकडे. मग साकव ओलांडून जायचे. मारळ येथील मार्लेश्वराच्या दर्शनाला तर पाचशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. अशा मुलखात चालणे व चढणे हा व्यायाम नव्हता. तो दिवसाचा नित्यक्रम होता.

गेल्या चार-पाच दशकांत हा नित्यक्रम बदलला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, वाड्यावाड्यांपर्यंत रस्ते गेले, रिक्षा व दुचाकी दारात आल्या. जात्याची जागा पिठाच्या गिरणीने, पाटा-वरवंट्याची जागा मिक्सरने आणि रहाटाची जागा पंपाने घेतली. हा बदल स्वागतार्ह आहे, हे प्रथमच स्पष्टपणे नमूद करणे अगत्याचे आहे. डोईवर हंडा घेऊन चढण चढणाऱ्या स्त्रीचे कष्ट वाचले, ही विकासाची खरीखुरी कमाई आहे. वजन उतरावे म्हणून तिने पुन्हा जात्यावर बसावे, असे सुचविणे निर्दयपणाचे ठरेल. परंतु कष्ट गेले तेव्हा त्यांच्याबरोबर शेकडो बारीकसारीक हालचालीही गेल्या, आणि त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

शरीराचा जमाखर्च

मनुष्य दिवसभरात जे उष्मांक खर्च करतो त्यांतील सर्वांत मोठा वाटा, सुमारे साठ टक्के, श्वसन, रक्ताभिसरण यांसारख्या मूलभूत क्रियांवर खर्ची पडतो. अन्नपचनासाठी सुमारे दहा टक्के लागतात. उरलेला भाग हालचालीचा. त्यातही ठरवून केलेला व्यायाम बहुतेकांच्या बाबतीत अगदीच थोडा असतो. खरा खर्च होतो तो उठणे, बसणे, वाकणे, केर काढणे, दुकानापर्यंत जाणे, उभ्याने बोलणे अशा कामांत. व्यक्तीव्यक्तींत सर्वाधिक तफावत आढळते तीही याच भागात.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. जेम्स लेव्हाइन व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. सोळा निरोगी माणसांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा एक हजार उष्मांक अधिक खाऊ घालण्यात आले. सर्वांना सारखेच जादा अन्न मिळाले. परंतु कोणाची चरबी केवळ ०.३६ किलोने वाढली, तर कोणाची ४.२३ किलोने. ज्यांच्या अंगावर चरबी कमी चढली, त्यांच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाढल्या होत्या. काहींचा हा खर्च दिवसाला जवळजवळ सातशे उष्मांकांनी वाढला होता. याच संशोधकांना २००५ मध्ये असेही दिसून आले की, स्थूल माणसे सडपातळ माणसांपेक्षा दिवसाकाठी सुमारे दोन तास अधिक वेळ बसून असतात. विशेष म्हणजे स्थूल व्यक्तींचे वजन उतरवल्यावरही त्यांची बसण्याची सवय फारशी बदलली नाही. बैठेपणा हा सर्वस्वी आळस नव्हे. तो काही अंशी प्रकृतिधर्म असावा. म्हणूनच स्थूल माणसाला दोष देण्यापेक्षा त्याच्या भोवतालची व्यवस्था पाहणे अधिक फलदायी ठरते.

बंगालच्या गिरणीतील साक्ष

या प्रश्नावरचा एक महत्त्वाचा पुरावा आपल्याच देशातला आहे, आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही याचे नवल वाटते. प्रा. जाँ मेयर यांनी पूर्णिमा रॉय व कामाख्याप्रसाद मित्र यांच्यासह पश्चिम बंगालमधील तागाच्या गिरणीतील २१३ पुरुषांचा अभ्यास करून १९५६ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांत गाठोडी वाहणारे हमाल होते, यंत्रावरचे कामगार होते, तसेच कारकून, देखरेख करणारे आणि दुकानदारही होते. हलक्या कामाकडून जड कामाकडे जावे तसतसा आहार वाढत होता. पण वजन जवळपास स्थिर राहत होते. शरीर जेवढे खर्चते तेवढेच मागते, असा हा हिशेब. मात्र अगदी बैठ्या माणसांपाशी हा हिशेब बिघडला. त्यांचे काम कमी, तरी आहार हलके काम करणाऱ्यांपेक्षा अधिक, आणि वजनही अधिक.

याचा अर्थ असा की, हालचाल एका मर्यादेखाली गेली की भूक तिच्यामागोमाग खाली उतरत नाही. कचेरीतील खुर्ची, वर्गातील टेबल किंवा दुकानातील गल्ला यांमागे दिवस घालवणाऱ्यांनी हा निष्कर्ष विशेष ध्यानात घ्यावा. शेतावर चिखलणी व लावणी करणाऱ्या वडिलांच्या ताटाएवढेच ताट मुलाने कारकुनी करीत असताना वाढून घेतले, तर उरलेले अन्न कमरेभोवती साठते. बेताने वाढलेली हालचाल ही भुकेचा तोल पुन्हा साधण्यास साहाय्य करू शकते, हेच तिचे महत्त्व.

हिशेब आणि त्याच्या मर्यादा

आता पाखाडीचा हिशेब पाहू. साठ किलो वजनाचा माणूस वीस मीटर उंचीची चढण चढला, तर स्नायूंच्या कार्यक्षमतेचा विचार करता सुमारे बारा ते चौदा उष्मांक खर्च होतात. चार वेळा चढल्यास पन्नासच्या आसपास. सपाटीवर एक किलोमीटर चालण्यास, बसून राहण्याच्या तुलनेत, सुमारे तीस उष्मांक अधिक लागतात. दोन किलोमीटर चाल आणि चार चढणी मिळून शंभराच्या थोडे वर. उलटपक्षी, चहातील दोन चमचे साखर म्हणजे चाळीस उष्मांक, आणि एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे एकशेवीस. चढण चढून आल्यावर तळलेला वडा खाल्ला, की सगळी कमाई गेली.

एक किलो चरबीत सुमारे ७,७०० उष्मांक असतात. त्यावरून रोज शंभर उष्मांकांनी वर्षात पावणेपाच किलो उतरतील असे गणित पुष्कळदा मांडले जाते. ते चुकीचे आहे. वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही उतरतो. केविन हॉल यांनी २०११ मध्ये मांडलेल्या गणितानुसार, आहार न वाढवता रोज शंभर उष्मांकांचा फरक राखल्यास अखेरीस सुमारे चार किलो कमी होतात, त्यांपैकी निम्मे पहिल्या वर्षात. वर्षाला दोन किलो ही संख्या ऐकायला लहान वाटते. पण तिशीनंतर दरवर्षी थोडेथोडे वाढत जाणारे वजन याच मार्गाने रोखता येते. नुसते उभे राहण्याचा लाभ त्याहूनही अल्प आहे: सहा तास बसण्याऐवजी उभे राहिल्यास पन्नासेक उष्मांक. पावले उचलली पाहिजेत.

वजनकाट्यावर न दिसणारा लाभ मात्र लवकर मिळतो. ऑस्ट्रेलियात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दर वीस मिनिटांनी केवळ दोन मिनिटे चालल्याने जेवणानंतरची रक्तातील साखर व इन्सुलिन ही दोन्ही कमी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीची शिफारस करताना ती सलग दहा मिनिटे असावी ही जुनी अट काढून टाकली. तुटक हालचालही आता हिशेबात धरली जाते.

सडपातळ दिसणाऱ्यांचा धोका

कोकणी माणूस बहुधा शिडशिडीत. त्यामुळे हा विषय शहरातल्यांचा, असा समज होणे स्वाभाविक आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये आपल्या ब्रिटिश सहकाऱ्याबरोबर स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांच्या उंचीच्या प्रमाणात वजन नेमके सारखे. पण शरीरातील चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणसाची चरबी पोटात लपते. म्हणून आपल्याकडे काट्यापेक्षा मोजपट्टी अधिक विश्वासार्ह: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरपेक्षा व स्त्रियांची ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी. तिशीवरील ग्रामस्थांच्या तपासणीसाठी आशा कार्यकर्ती जो तक्ता भरते, त्यात कमरेचे हेच माप आणि आठवड्यातील १५० मिनिटांच्या हालचालीचा प्रश्नही आहे. हा तक्ता घाईने भरून टाकण्याचा कागद समजला जाऊ नये. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालात आहे.

ग्रामपंचायतीच्या हाती येथे बरेच काही आहे. वाडीला रस्ता झाला की पाखाडी ओस पडते. पायऱ्या निखळतात, पावसाळ्यात शेवाळ धरते, आणि मग वयस्कर माणसे तिच्यावर पाऊल टाकायला धजत नाहीत. निखळलेला चिरा बसवणे, एका बाजूला कठडा घालणे, वळणावर दिवा लावणे, साकवाच्या फळ्या बदलणे ही कामे खर्चाच्या मानाने लहान आहेत. शाळेत दोन तासिकांमध्ये मुलांना दोन मिनिटे उभे करून हातपाय हलवायला लावण्यास कोणत्याही साहित्याची गरज नाही. कचेरीत शिपायाला हाक मारण्याऐवजी फाइल स्वतः नेऊन देणे अधिकाऱ्याच्या प्रतिष्ठेला बाधक नसावे.

गुडघेदुखी, हृदयविकार किंवा चढताना छातीत दाटून येणे असा त्रास असणाऱ्यांनी मात्र प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्यावे. अशांनी सपाट वाटेपासून आरंभ करावा. गुडघ्यांवर चढणीपेक्षा उतरणीचा ताण अधिक पडतो. तेव्हा वर पायी जावे आणि खाली येताना वाहन मिळाल्यास घ्यावे, हा क्रम त्यांना सोयीचा पडेल.