घार, शिक्रा आणि परसातील कोंबड्या

कुळगाव-बदलापूरला इमारती झाल्या, तरी बारवी धरणाच्या बाजूच्या गावांत परसात गावठी कोंबड्या पाळणारी घरे आजही आहेत. आमचा धंदा कापडाचा. उधारी वसुलीला या गावांत जाणे होते आणि तक्रार एकच ऐकू येते : घारीने पिल्लू नेले. कोंबडीखाली १० पिल्ले निघाली आणि ४ गेली, तर दहांना घातलेल्या कणीचा खर्च उरलेल्या सहांवर चढतो. ठाणातून रोज वारभर कापड चोरीला जावे, तसाच हा तोटा आहे.

आधी चोर ओळखावा. घारीचे वजन किलोच्या आतबाहेर. मोठी कोंबडी तिला उचलत नाही. पिल्लू मात्र ती उघड्यावरून, दिवसा, झडप घालून नेते आणि मागे खूण राहत नाही. शिक्रा त्याहून बराच लहान, तो झाडाच्या आडून अचानक येतो. रात्री खुराड्यात मान चावलेल्या कोंबड्या पडलेल्या दिसल्या तर ते काम बहुधा रानमांजराचे असते. उगाच घारीला दोष देऊ नये. शेळी व्यायली की कावळा करडाच्या नाळेला, डोळ्याला टोचतो, म्हणून वीण आडोशालाच व्हावी.

पिल्ले पहिले सहा-आठ आठवडे झाकलेली हवीत. बांबूचे डालगे किंवा वरून जाळी लावलेला वाडा पुरतो. शिक्रा घुसू नये म्हणून जाळीचे भोक इंचाच्या आतले असावे, आणि जाळी ताणून बांधावी, नाहीतर पक्षी अडकून मरतो. उल्हासनगरच्या शिलाई कारखान्यांतल्या चिंध्या दोरीवर बांधल्या तर पक्षी बिचकतात, पण चार-सहा दिवसच! मग दोरीची जागा बदलावी लागते. दोरीऐवजी नायलॉन मांजा मुळीच नको. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली आहे. दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद हे दोघे भाऊ मांजाने कापलेल्या घारींवरच उपचार करतात; त्यांच्यावरचा 'ऑल दॅट ब्रीद्स' हा माहितीपट २०२२ मध्ये आला.

गोफण, फासा, विष यांचा विचारही करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे घार वा शिक्रा मारणे, पकडणे, त्यांची अंडी काढणे हा गुन्हा आहे. विष घातलेले मांस तर घारीच्या आधी आपलेच कुत्रे खाईल.

एक गोष्ट आमच्या चिकनविक्रेत्या बंधूंना स्पष्ट सांगावी लागेल. आतडी, पिसे, डोकी दुकानामागे उघड्यावर पडली की घारी तिथेच ठाण मांडतात आणि शेजारच्या परसातली पिल्ले त्यांना आयती दिसतात. झाकणाचा पिंप घ्यावा आणि तो रोज रिकामा होईल अशी व्यवस्था करावी. पिंपाचा खर्च फार नाही, आणि शेजाऱ्याशी भांडणही टळते. मेलेली कोंबडीसुद्धा उकिरड्यावर टाकू नये, खोल पुरावी. २०२२ च्या फेब्रुवारीत आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातील वेहळोलीत बर्ड फ्लू आढळला होता. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर घारीला शिव्या देत न बसता त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.