कोसबाडच्या अनुताई

शिक्षकांनी शाळेत शिकवावे आणि मुलांनी शाळेत येऊन शिकावे, हा जगाचा शिरस्ता. परंतु मुले शाळेत आलीच नाहीत तर शिक्षकांनी काय करावे? ‘आईबापच अडाणी, त्याला आपण काय करणार!’ असे म्हणून स्वस्थ बसणारे पुष्कळ असतात. अनुताई वाघ त्यांतल्या नव्हत्या.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणे तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि थोड्याच महिन्यांत त्यांच्या कपाळीचे कुंकू पुसले गेले. अशा मुलीने उरलेले आयुष्य घराच्या कोपऱ्यात काढावे, अशीच लोकांची अपेक्षा असे. अनुताईंनी मात्र पुन्हा पुस्तक हाती घेतले आणि त्या शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत दिवसा मुलींना शिकवावे व रात्रशाळेत स्वतः शिकावे, असे करीत १९३७ साली त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी बालशिक्षणाचे केंद्र काढले. पुण्याचे स्थिर जीवन मागे ठेवून अनुताई त्यांच्या मदतीस आल्या. बालवाडी तर सुरू झाली. पण गरिबांच्या वस्तीतील मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा ताराबाई व अनुताई यांनी बालवाडीच त्या वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात मुले जमवावीत, त्यांचे हातपाय धुवावेत, केस विंचरावेत, नखे कापावीत आणि मग गाणी-गोष्टींना आरंभ करावा. महागडी साधने आणणार कोठून? खडे, शिंपले, चिंचोके, झाडांची पाने हीच त्यांची साधने. मोजणी शिकायला चिंचोका कोठे कमी पडतो? अंगणात भरणारी ती अंगणवाडी. १९७५ साली भारत सरकारने लहान मुलांसाठी योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांनाही हेच नाव मिळाले.

पुढे हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील वारली मुलांची अडचण निराळीच होती. मुलगा गुरे घेऊन रानात जाई. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखी, कारण आईबाप मजुरीला गेलेले. शाळेत जावे, तर गुरे कोणी वळावीत? भावंडाला कोणी सांभाळावे? आईबापांना दोष देणे सोपे होते; पण घरची चूल पेटायची, तर मुलांचे हे काम सुटणार नव्हते. म्हणून गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. गुरे चरत आणि मुले झाडाखाली शिकत. हीच कुरणशाळा. मुलींसाठी एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा आली. तिला विकासवाडी म्हणत. कडेवरचे मूल पाळण्यात निजले, की ताई मोकळ्या मनाने पाटीवर अक्षरे गिरवीत बसे.

अनुताईंना स्वतःचे मूलबाळ नव्हते. पण तान्ह्या बाळापासून मोठ्या मुलांपर्यंत सारी एका आवारात नांदू लागली, तेव्हा त्या शाळेला घराचेच रूप आले. १९७३ साली ताराबाई निवर्तल्या. घरातील वडील माणूस गेल्यावर थोरल्या सुनेने चुलीपासून देवघरापर्यंत सारे आपल्या अंगावर घ्यावे, तसा तो सगळा भार अनुताईंनी उचलला.

भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविले. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे देहावसान झाले. बोर्डीला आल्या तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या, गेल्या तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या. मधली सारी वर्षे त्याच परिसरातील मुलांत गेली.