मारका बैल आणि गाडीची किल्ली

वाचावयाचे भाग : निर्गम २१:२८-२९, हबक्कूक २:१५, रोम १३:१-१०.

मारक्या बैलाविषयींचा मोशेचा नियम खेड्यांतील बंधूंस फोड करून सांगावा लागत नाहीं. बैलानें प्रथमच कोणास शिंगावर घेतलें, तर धनी निर्दोष. परंतु बैल मारका आहे असें कळविलें असतांही धन्यानें तो बांधला नाहीं आणि जीव गेला, तर दोष धन्याच्या माथीं येतो.

आतां बैलाच्या जागीं ट्रॅक्टर, टेंपो किंवा मोटारसायकल ठेवा. वऱ्हाड परत निघावयाचें आहे. ट्रॉलींत बायकामुलें बसलीं आहेत (ट्रॉली माल वाहण्यासाठीं आहे, माणसांसाठीं नव्हे, हें निराळेंच). आणि ट्रॅक्टर हांकणारा मंडपामागून तोंड पुशीत येत आहे. वास दहा जणांस येतो. तरी पाहुण्याचा मान राखावा म्हणून कोणी बोलत नाहीं.

सरकारचा कायदा मोघम नाहीं. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या १८५ व्या कलमाप्रमाणें हांकणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅमांहून अधिक मद्यार्क आढळल्यास तो अपराधी होय. दारू विलायती कीं हातभट्टीची, हें कायदा विचारीत नाहीं. हांकण्याचा नुसता प्रयत्न हाही अपराधच. २०१९ सालच्या दुरुस्तीप्रमाणें पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. नळींत फुंकण्याचें नाकारून सुटका होत नाहीं. संशयास सबळ कारण असल्यास पोलीस वॉरंटावांचून धरूं शकतात.

परंतु आमच्या मतें मंडळींत अधिक वाचून दाखवावें असें कलम १८८ वें आहे. या अपराधास जो चिथावणी देईल किंवा साह्य करील, त्यास मूळ अपराध्याचीच शिक्षा त्यांत सांगितली आहे. हबक्कूकानें शेजाऱ्यास दारू पाजणाऱ्याचा धिक्कार केला, तो येथें आठवावा. गाडीच्या धन्याचें नुसतें मौन न्यायालयांत कदाचित् अपराध ठरणार नाहीं. परंतु निर्गमांतील त्या दोन वचनांपुढें तें कसें टिकेल?

कित्येक म्हणतात, "लिंबू चोखलें, थंड पाण्यानें तोंड धुतलें, आतां उतरली." लिंबू फार तर वास झांकील. रक्तांतील मद्यार्क काढण्याचें काम मुख्यत्वेंकरून यकृत करितें, आणि तें आपल्याच मंद गतीनें करितें. चहानें त्यास घाई होत नाहीं. म्हणून रात्रीं पुष्कळ प्यालेला मनुष्य पहांटे भाजीचा टेंपो घेऊन निघतो, तोही या मर्यादेपलीकडे असूं शकतो. शिवाय दारूचा घाला आधीं विवेकावर पडतो. सबब "मी शुद्धीवर आहे" ही पिणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरूं नये.

विवाहाची सूचना उपासनेंत वाचली जाईल त्याच आठवड्यांत उपदेशकांनीं दोन्ही घरीं जाऊन विचारावें कीं, वऱ्हाडाची गाडी कोण हांकणार, आणि जेवणापासून निघेपर्यंत किल्ली कोणाजवळ राहणार? ती एखाद्या वडील बाईच्या कनवटीला असावी हें उत्तम. मामाच्या हातून किल्ली काढून घेणारे पुष्कळ. आजीपुढें तोंडाचा वास घेऊन उभें राहण्याचें धैर्य थोड्यांस होतें. हांकणारा शुद्धीवर नसेल, तर वऱ्हाडानें रात्रीं देवळांतच निजावें. सतरंज्या मंडळीच्या आहेतच.