ग्रंथनोंदीचे तंत्र आणि स्त्रिया

पुण्यात अथवा नागपुरात एखादे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले, की १९५४ च्या कायद्यानुसार त्याची एक प्रत प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने कोलकात्यास, अलिपूर भागातील बेल्व्हेडिअर येथील राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठवावयाची असते. अशा प्रतींच्या आधारे तेथील केंद्रीय संदर्भ ग्रंथालयाने १९५८ पासून 'भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची' काढण्यास प्रारंभ केला. मराठी, बंगाली, तमिळ अशा निरनिराळ्या लिप्यांतील नावे तीत उच्चारदर्शक खुणांसह रोमन लिपीत छापली गेली. मांडणी ड्यूई यांच्या दशांश पद्धतीची होती. जोडीला रंगनाथन यांच्या द्विबिंदू पद्धतीचा क्रमांकही दिलेला असे.

अशी एक नोंद करणे हे वरवर कारकुनी काम वाटते; ते तसे नाही. लेखिकेचे आडनाव विवाहानंतर बदलले असेल, तर तिची दोन नावे एकमेकांशी कशी जोडावीत? भातावरील रोगांचे पुस्तक शेतीत घालावे की वनस्पतिशास्त्रात? असे निर्णय दर पुस्तकागणिक घ्यावे लागतात. म्हणूनच ग्रंथालयशास्त्रात वर्गीकरण व तालिकीकरण यांस 'तांत्रिक काम' म्हणतात. परंतु सूचीच्या मुखपृष्ठावर संपादकाचे नाव येते, नोंद करणाऱ्याचे येत नाही. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच ग्रंथालयांतील बहुसंख्य कर्मचारी स्त्रिया होत्या. तेव्हा या अनामिकतेचा भार कोणावर अधिक पडला असेल, हे सांगावयास नको.

पुढे यंत्र आले, आणि 'तंत्र' हा शब्द यंत्रापुरताच वापरला जाऊ लागला. वस्तुतः यंत्रास समजेल अशी ग्रंथनोंद सिद्ध केली ती एका स्त्रीनेच. हेन्रिएट अव्राम या १९६५ मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आल्या. त्यांचे शिक्षण ग्रंथपालाचे नव्हते. त्या संगणकाच्या आज्ञावली लिहीत असत. तालिकेच्या कार्डावर मजकुराची जागा पाहून डोळ्यांस जे कळते, ते यंत्रास कळत नाही, म्हणून त्यांनी प्रत्येक भागास तीन अंकी क्रमांक देण्याची 'मार्क' ही पद्धती उभारली. लेखकाचे नाव १००, ग्रंथाचे शीर्षक २४५, असे ते क्रमांक आहेत. १९६६ मध्ये तिची प्रायोगिक चाचणी झाली. आज कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालयही याच कुळातील पद्धती वापरते.

या पद्धतीत ०४० हा क्रमांक नोंद कोणी केली हे सांगण्यासाठी राखलेला आहे. मात्र तेथे संस्थेचे संकेतनाम लिहावयाचे असते. व्यक्तीसाठी जागा नाही.

सूची हाच स्वतंत्र ग्रंथ झाला, की स्थिती पालटते. कोलकात्याच्या बंगीय ग्रंथागार परिषदेने १९६५ मध्ये बाणी बसू यांनी संकलित केलेली बंगाली बालसाहित्याची ग्रंथसूची प्रसिद्ध केली. या सूचीची नोंद करताना संकलिकेचे नाव लेखकाच्या जागी घालता येते, म्हणून ते शोधणाऱ्यास सापडते. पुढे दिल्लीच्या केंद्रीय सचिवालय ग्रंथालयाच्या संचालिका झालेल्या कल्पना दासगुप्त यांनी तर १९७६ मध्ये भारतीय स्त्रीविषयक ग्रंथांचीच टिपांसहित सूची रचली.

शोधयंत्रांच्या बाबतीतही हेच दिसते. केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये असे दाखविले, की जो शब्द थोड्याच लेखांत आढळतो त्यास शोधात अधिक वजन द्यावे. 'आणि' हा शब्द सर्वत्र असतो, म्हणून तो निरुपयोगी. 'तुडतुडा' मोजक्याच पुस्तकांत असतो, म्हणून तो मोलाचा. ही कल्पना आजही शोधयंत्रांच्या गणितात आहे. त्यांना प्राध्यापकपद मात्र १९९९ मध्ये मिळाले, म्हणजे सत्तावीस वर्षांनी!

जुन्या काळी काही ग्रंथालयांत कार्डाच्या पाठीमागे नोंद करणारी व्यक्ती आपली आद्याक्षरे घालीत असे. मार्क पद्धतीत ९ या अंकाने आरंभ होणारे क्रमांक प्रत्येक ग्रंथालयास स्वतःच्या उपयोगासाठी मोकळे ठेवलेले आहेत. ती आद्याक्षरे तेथे सहज मावतात.