शेजारच्या चलनाशी मेळ

तेजी-मंदीचा फेरा कोणत्याही पेठेस चुकलेला नाही. हाच फेरा साऱ्या देशाच्या उद्योगधंद्यांत येतो, तेव्हा अर्थशास्त्र त्यास व्यापारचक्र म्हणते. शेजारच्या देशांनी एक चलन केले असता आपणही त्यांत जावे काय, या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी या चक्रांच्या मेळावर अवलंबून असते.

चलन एक म्हणजे मध्यवर्ती बँक एक, आणि बँक एक म्हणजे व्याजाचा दर एक. तेजीत दर चढवून उधारीस आवर घालावा लागतो. मंदीत तो उतरवून धंद्यास हात द्यावा लागतो. एकाच दराने ही दोन्ही कामे साधत नाहीत.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. ऑक्टोबर १९९० मध्ये त्याने युरोपीय विनिमय-व्यवस्थेत शिरून पौंड जर्मन मार्काशी बांधला. त्याच महिन्यात जर्मनीचे एकीकरण झाले. पूर्व भागाच्या उभारणीवरील खर्चाने तेथे भाव चढले, म्हणून जर्मन बँकेने व्याज वाढविले. ब्रिटनमध्ये मात्र मंदी होती. तरी पौंडाचा दर राखण्यासाठी त्यास व्याज चढेच ठेवावे लागले. १६ सप्टेंबर १९९२ रोजी एकाच दिवसात व्याज १० टक्क्यांवरून १२ व पुढे १५ करण्याची घोषणा झाली. तरीही पौंड सावरेना. त्याच संध्याकाळी ब्रिटन व्यवस्थेबाहेर पडला.

१ जानेवारी १९९९ रोजी ११ देशांनी युरो स्वीकारला. ब्रिटनचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी १९९७ मध्येच पाच कसोट्या घातल्या होत्या. पहिली कसोटी चक्रांच्या मेळाची. जून २००३ मध्ये, मेळ पुरेसा टिकाऊ नाही, असा निर्णय झाला. तेव्हा ब्रिटनचा व्याजदर ३.७५ टक्के, तर युरोचा २ टक्के होता. उलट आयर्लंड आरंभीच संघात गेला. ऐन तेजीत त्यास स्वस्त व्याज मिळाले, घरांचे भाव भडकले, आणि २००८ नंतर बँका कोसळून २०१० मध्ये बाहेरचे साह्य घ्यावे लागले.

परस्परांतील व्यापार वाढला की चक्रे हळूहळू जुळतात, असेही काही अर्थशास्त्रज्ञ म्हणतात. ते खरे मानले तरी, जुळेपर्यंतचा काळ कोण सोसणार, हा प्रश्न उरतोच.

आम्हा धान्याच्या व्यापाऱ्यांस यांतील बोध परका नाही. दोन पेढ्यांनी तिजोरी एक करण्यापूर्वी दोघांचे हंगाम जुळतात काय, हे पाहावे. एकाची उचल व दुसऱ्याची वसुली भिन्न वेळी येत असेल, तर मैत्री राखावी, व्यवहार वाढवावा. परंतु आपल्या तिजोरीची किल्ली आपल्याच कनवटीस ठेवावी.