मेंदूभोवतीचा रक्तस्राव आणि दृष्टी

मेंदूच्या आवरणांखाली रोहिणीचा फुगलेला भाग फुटून रक्त पसरले, की मस्तकात एकाएकी असह्य वेदना उठते व पुष्कळदा शुद्ध हरपते. अशा वेळी सर्वांचे लक्ष प्राणरक्षणाकडे लागावे, हे उचितच होय. परंतु शुद्धीवर आलेला रोगी ‘दिसत नाही’ असे म्हणू लागला, म्हणजे मेंदूलाच इजा झाली असे गृहीत धरणे घातक ठरते. दोष नेत्रातही असू शकतो.

कवटीतील दाब अकस्मात वाढला म्हणजे तो दृक्‌तंत्रिकेच्या आवरणातून नेत्रगोलापर्यंत पोहोचतो. तेथील नीलांचा मार्ग कोंडून दृष्टिपटलाच्या सूक्ष्म वाहिन्या फुटतात, आणि रक्त काचाभ द्रवात उतरते. लिटन यांनी हे १८८१ साली नोंदविले. विकाराला नाव मात्र मिळाले ते १९०० साली लिहिणाऱ्या तेर्सों या फ्रेंच नेत्रवैद्याचे!

रायपूर येथे २०१२ साली सुरू झालेल्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मेंदू व नेत्र या दोहोंचे विभाग आहेत. बस्तरहून आलेला रोगी घरी परतण्यापूर्वीच त्याचे नेत्र आतून तपासावेत. बाहुली रुंदावणारे थेंब मात्र मेंदूच्या शल्यचिकित्सकास विचारल्यावाचून घालू नयेत. बाहुलीवरूनच तो मेंदूची अवस्था ओळखत असतो.

पुष्कळदा हे रक्त काही महिन्यांत आपोआप विरते. न विरल्यास शस्त्रक्रियेने काचाभ द्रव काढतात व दृष्टी बहुधा परतते. लहान मुलांत फार थांबता येत नाही, कारण न वापरलेला डोळा कायमचा मंद होतो.